जुन्या बाईकच्या इंजिनाचे पार्ट: नावावरून नको, मापावरून मागवा

गॅरेज सुरू करू पाहणाऱ्यांसाठीच्या मालिकेतला हा पुढचा धडा. व्हिडिओत ब्लॉक आणि पिस्टन कसा मोजायचा ते दाखवलं आहे. पण आकडे आणि हिशोब व्हिडिओ थांबवून थांबवून उतरवणं कटकटीचं होतं, म्हणून ते सगळं इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सकाळी रस्त्यावर उभे राहा आणि जाणाऱ्या दुचाकी बघा. दुधाचे कॅन लावलेली स्प्लेंडर, भाजीची गोणी बांधलेली सीटी १००, आसनगाव स्टेशनला लोकल पकडायला निघालेली पॅशन, मुरबाड एमआयडीसीच्या शिफ्टला जाणारी प्लॅटिना. यातल्या कितीतरी गाड्या दहा, पंधरा, वीस वर्षांच्या आहेत आणि रोज कामावर आहेत. अशी गाडी धूर मारायला लागली, ऑइल खायला लागली, की मालक लगेच नवीन घेत नाही. तो विचारतो, "इंजिन काम करून मिळेल का? किती होतील?"

म्हणजे धंदा आहे. काम शिकलेली मुलंही गावोगाव आहेत. मग गॅरेज अडतं कुठे? पार्टपाशी. इंजिन उघडलं, कल्याणहून पिस्टन आणला, तो बसला नाही. बदलून आणला, तर ब्लॉक आधीच दुसऱ्या साईझला कापलेला निघाला. तोवर गाडी आठ दिवस बाकड्यावर. गिऱ्हाईकाचा रोज बुडतो आणि तुमची मजुरी गाडीभाड्यात जाते. आजचा सगळा धडा एका वाक्यात सांगतो: गाडीच्या नावावरून पार्ट मागवू नका, माप आणि पार्ट नंबर हातात घेऊन मागवा. आता हे सविस्तर बघू.

१. एकच नाव, पण इंजिन वेगळं

दुकानात जाऊन "प्लॅटिनाचा पिस्टन द्या" म्हणणं ही सगळ्यात महागडी सवय.

बजाज प्लॅटिना बघा. सुरुवातीच्या प्लॅटिनाचं इंजिन ९९.२७ सीसीचं, बोअर ५३ मिमी आणि स्ट्रोक ४५ मिमी. नंतर त्याच प्लॅटिना नावाखाली १०२ सीसीचं डीटीएस-आय इंजिन आलं. त्याचा बोअर ४७ मिमी आणि स्ट्रोक ५८.८ मिमी. नाव तेच, पण पिस्टनच्या व्यासात ६ मिमीचा फरक! इथे चूक निदान लगेच दिसते, कारण पिस्टन आत जातच नाही.

पल्सर १५० मध्ये फसगत जास्त होते. सुरुवातीची पल्सर १५० प्रत्यक्षात १४३.९ सीसीची, बोअर ५७ मिमी. पुढच्या मॉडेलांत ती १४९ सीसीची झाली, बोअर ५८ मिमी. स्ट्रोक दोन्हींत ५६.४ मिमीच. गाडीवर दोन्हीकडे "१५०" लिहिलेलं. एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांनी कळत नाही. त्यातून जुना ब्लॉक आधी बोअर केलेला असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

आता उलट बाजू. वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत एकाच घराण्याचं इंजिन असतं. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये, पॅशन २००१ मध्ये. या तिन्ही गाड्या ९७.२ सीसीच्या घराण्यातल्या. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. आपल्याकडच्या मेकॅनिकला हे घराणं तोंडपाठ असतं, आणि या गाड्यांचे पार्ट तालुक्याच्या ठिकाणी मिळतात त्याचंही कारण हेच. एका पार्टला गिऱ्हाईक अनेक, म्हणून दुकानदार तो ठेवतो.

पण घराणं एक म्हणजे प्रत्येक पार्ट एक, असं समजू नका. वर्षागणिक कार्ब्युरेटर, इलेक्ट्रिकल, क्लच, कव्हर, सेल्फ स्टार्टची जागा असं बरंच बदलत गेलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि स्प्लेंडर प्लस कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेली. तेव्हा "स्प्लेंडरचं हेड" म्हणताना गाडी कुठल्या काळातली आहे हे सांगावंच लागतं.

आणखी एक सापळा. होंडाने ५० × ४९.५ हेच माप आग्नेय आशियातल्या आपल्या १०० सीसीच्या गाड्यांनाही वापरलं. त्यामुळे ऑनलाइन "१०० सीसी, ५० मिमी" म्हणून स्वस्त ब्लॉक किट दिसतात. बोअर जुळला तरी ब्लॉकची उंची, बोल्टची जागा, चेनची खिडकी आणि पिस्टनची पिन जुळेलच असं नाही. यामाहा आरएक्स १०० चा बोअरसुद्धा ५० मिमीच आहे, स्ट्रोकही ५० मिमी. म्हणून कोणी स्प्लेंडरचा पिस्टन त्यात घालेल का? ते टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्यात रिंग फिरू नये म्हणून खाचेत बारीक पिन असते, पिस्टनची घडणच वेगळी. एक माप जुळलं म्हणजे पार्ट जुळला असं होत नाही, हे यातून लक्षात घ्या.

२. बसणं वेगळं, टिकणं वेगळं

"मॅच होतो" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिली, पार्ट जागेवर बसतो का. दुसरी, तो तिथे काम करून टिकतो का.

पहिली गोष्ट पाच मिनिटांत कळते. दुसरी कळायला दोन-तीन महिने लागतात, आणि तोवर गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलेलं असतं. काही उदाहरणं:

- व्हॉल्वच्या दांड्याची जाडी जुळली, म्हणून तो गाइडमध्ये गेला. पण लांबी किंवा डोक्याचा व्यास वेगळा असेल तर टॅपेट नीट बसणार नाही किंवा कॉम्प्रेशन सुटेल.
- कॅमशाफ्ट जागेवर बसला, पण त्याच्या उंचवट्यांचं माप वेगळं. गाडी चालू होईल, पण ओढणार नाही आणि पेट्रोल खाईल.
- बेअरिंगचा नंबर तोच, पण शेवटचं अक्षर वेगळं. थंड असताना मस्त फिरेल, तापल्यावर आवळेल.
- पॅकिंगचा आकार तोच, जाडी वेगळी. कॉम्प्रेशन बदलतं.

यातून धंद्याची एक गोष्ट शिका. बसण्याची खात्री दुकानदार देऊ शकतो. टिकण्याची जबाबदारी मात्र तुमची, कारण गिऱ्हाईक परत येणार ते तुमच्याच दारात. किन्हवलीचा, धसईचा किंवा टोकावड्याचा माणूस एकदा फसला तर गावातल्या दहा जणांना सांगतो. आपल्याकडे गॅरेजचं नाव होतं आणि जातं ते असंच.

३. आधी उघडा, मोजा, लिहा. मग फोन उचला

कामाचा क्रम पाळला तर निम्मा त्रास वाचतो.

पहिलं पाऊल: गाडी आली की आरसीचा फोटो घ्या. मॉडेल, उत्पादनाचा महिना-वर्ष, इंजिन नंबर, चासी नंबर. इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. याचं महत्त्व पुढे कायद्याच्या भागात येईल.

दुसरं: इंजिन पूर्ण उघडा. धूर मारते म्हणून फक्त पिस्टन-रिंग मागवायची आणि ती आल्यावर कळायचं की टायमिंग चेनही गेली आहे, कनेक्टिंग रॉडही हलतो आहे, हे नको. पावसाळ्यात पाण्यातून काढलेल्या गाडीचं तर जास्तच नीट बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलं आहे. मग बेअरिंगही तपासायला हव्यात. हाफ इंजिन की फुल इंजिन, हे उघडल्यावरच ठरवा आणि तेव्हाच गिऱ्हाईकाला पक्का आकडा सांगा.

तिसरं: मोजा. ब्लॉक वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी. म्हणजे सहा आकडे मिळतात. वर-खाली फरक असेल तर ब्लॉक निमुळता झालाय, दोन दिशांत फरक असेल तर तो लंबगोल झालाय. पिस्टन मोजायचा तो स्कर्टपाशी, पिनच्या काटकोनात. डोक्यापाशी मोजू नका, तिथे तो मुद्दाम थोडा लहान केलेला असतो. नव्या रिंगचा गॅप ब्लॉकमध्ये घालून फिलर गेजने बघा. किती झीज चालते, किती गॅप हवा, ते आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अंदाजाने ठरवू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हर्नियरने पिस्टनचा साईझ ओळखता येतो, पण झीज ठरवता येत नाही. झीज असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. तिला मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागतो. सुरुवातीला बोअर गेज विकत घ्यायची गरज नाही, बोरिंगवाल्याकडे तो असतो. त्याच्याकडे मोजून घ्या, पण आकडे स्वतःच्या वहीत लिहा.

चौथं: यादी. प्रत्येक पार्टपुढे तीन रकाने करा: "बदलायचा", "चालेल" आणि "बघू". दुकानात जायच्या आधी "बघू" हा रकाना रिकामा झाला पाहिजे.

४. पिस्टन हातात, मगच बोरिंग

हा नियम इतका महत्त्वाचा आहे की त्याला वेगळा मुद्दा दिला.

झिजलेला ब्लॉक मोठा कापतात आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन घालतात. साईझ पायऱ्यांनी मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी. म्हणजे ५० मिमीच्या स्प्लेंडरला ५०.२५, ५०.५०, ५०.७५ आणि ५१ मिमी. जुन्या पिस्टनच्या डोक्यावर साईझचा आकडा कोरलेला असतो. काहीच आकडा नसेल तर बहुधा स्टँडर्ड, पण तरी मोजा.

नवशिका काय करतो? दुकान बंद आहे म्हणून आधी ब्लॉक बोरिंगला टाकतो, "पन्नास पॉइंट कापून ठेवा" सांगतो. दुसऱ्या दिवशी कळतं की त्या मॉडेलचा ०.५० चा पिस्टन बाजारात नाही, ०.७५ चाच आहे. एक साईझ फुकट गेला. कापलेलं लोखंड परत येत नाही!

दुसरं कारण याहून मोठं. "५०.५०" लिहिलेले दोन कंपन्यांचे पिस्टन मायक्रोमीटरखाली तंतोतंत सारखे भरत नाहीत. पिस्टन आणि ब्लॉकमधली फट असते काही शतांश मिलिमीटर, तेव्हा एवढा फरकही पुरतो. फट कमी राहिली तर इंजिन तापून सीझ होतं, जास्त राहिली तर ठोका येतो आणि पुन्हा धूर. म्हणून बोरिंगवाल्याच्या हातात तोच पिस्टन द्यायचा जो इंजिनात बसणार आहे, आणि सांगायचं, "याला कापा." शेवटचं होनिंग झाल्यावर ब्लॉक पुन्हा मोजून घ्या.

ब्लॉक आधीच १.०० वर गेला असेल तर दोनच रस्ते: नवा लायनर बसवणं किंवा नवं ब्लॉक किट. कुठलं स्वस्त पडतं ते त्या दिवशीच्या भावावरून ठरवा. काही आधुनिक गाड्यांच्या ब्लॉकला आतून कडक लेप दिलेला असतो. तो नेहमीसारखा बोअर करत नाहीत. तिथे किटच लागतं.

५. नंबर वाचायला शिका

होंडा घराण्याचा पार्ट नंबर तीन तुकड्यांचा असतो. पहिले पाच आकडे सांगतात पार्ट कोणता. मधली अक्षरं सांगतात तो कुठल्या मॉडेलसाठी काढला. शेवटचा तुकडा सांगतो त्याची सुधारित आवृत्ती. उदाहरणार्थ, १३१०१ म्हणजे स्टँडर्ड पिस्टन. १३१०२ म्हणजे ०.२५ मोठा, १३१०३ म्हणजे ०.५०, १३१०४ म्हणजे ०.७५, १३१०५ म्हणजे १.००. टायमिंग चेन १४४०१ ने सुरू होते, इनटेक व्हॉल्व १४७११ ने, एक्झॉस्ट व्हॉल्व १४७२१ ने. डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि होंडा वेगळे व्हायचं ठरलं आणि २०११ मध्ये कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं, तरी जुन्या मॉडेलांच्या डब्यांवर नंबरांची मांडणी हीच आढळते.

याचा फायदा काय? दोन मॉडेलांच्या पार्ट कॅटलॉगमध्ये मधली अक्षरंसुद्धा सारखी निघाली, तर कंपनीनेच तो पार्ट दोन्ही गाड्यांना वापरला आहे. इथे "मॅच होतो का" हा प्रश्नच संपतो. जुळणीचा याहून भक्कम पुरावा नाही.

बेअरिंग तर त्याहून सोपी. तिचे नंबर जगभर एकच. ६३०४ म्हणजे आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा जास्त असतील तर त्यांना पाचने गुणा, आतला व्यास मिळतो. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिमी. म्हणजे बेअरिंगसाठी गाडीचं नाव सांगायची गरजच नाही. मात्र मागची अक्षरं सोडू नका. "सी३" म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा जास्त, तापणाऱ्या जागेसाठी. "एनआर" म्हणजे बाहेरच्या कडेला खाच आणि तिच्यात रिंग. जुन्या बेअरिंगवर जे आहे तेच नव्यावर हवं.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. सील काढताना स्क्रू ड्रायव्हरने फाडण्याआधी ते उतरवून घ्या. पुसले गेले असतील तर शाफ्ट आणि घर मोजा.

बसवतानाही खुणा वाचा. रिंगवर अक्षर असेल ती बाजू वर. होंडा पद्धतीच्या पिस्टनवर "इन" असं असतं, ती बाजू इनटेककडे.

६. चार प्रकारचा माल

बाजारात पार्ट चार प्रकारांत मिळतो.

*कंपनीचा पार्ट.* गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. महाग, पण नंबर पक्का. क्रँक, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, ऑइल पंप अशा ठिकाणी शक्यतो हाच घ्या.

*नावाजलेल्या पार्ट कंपनीचा.* गोएत्झे किंवा श्रीराम पिस्टन्सच्या पिस्टन-रिंग, रोलॉनच्या चेन, एसकेएफ किंवा एनबीसीच्या बेअरिंग. यातल्या कंपन्या गाड्यांच्या कारखान्यांनाही माल पुरवतात. रोजच्या गाडीला इथे पैसे वाचवणं शहाणपणाचं आहे, फक्त डब्यावरची मॉडेलची यादी आणि वर्ष नीट वाचा.

*लोकल.* नाव नसलेला माल. कव्हर, रबर, फुटरेस्ट इथपर्यंत ठीक. इंजिनाच्या आत नको.

*नकली.* कंपनीचा डबा, आत दुसराच माल. लोकल आणि नकली यात फरक आहे. लोकल निदान आपलं नाव लपवत नाही. नकली दुसऱ्याचं नाव लावतो. डब्याची छपाई, सील, क्यूआर कोड तपासा आणि बिल घ्या. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायला तुमच्याकडे खरेदीचं बिल लागेल.

७. कुठून आणायचं?

आधी जवळचं बघा. तालुक्याच्या ठिकाणी कंपनीचा डीलर असतो. स्टॉक नसला तरी तो नंबरवरून मागवून देतो. त्याच्या पार्ट काउंटरवरच्या माणसाशी ओळख ठेवा. कॉम्प्युटरवर नंबर बघून तोच तुम्हाला सांगू शकतो की हा पार्ट बंद झालाय की बदली नंबर आलाय.

मग कल्याण-उल्हासनगर. शहापूरकरांना आसनगावहून थेट लोकल, मुरबाडकरांना साधारण तीसेक किलोमीटरचा रस्ता. रोजचा माल इथे मिळतो. तिथेही न मिळणारा जुना माल असेल तर मुंबईत ऑपेरा हाउस-ग्रँट रोडचा भाग आणि पुण्यात नाना पेठ. आरएक्स १०० सारख्या १९९६ मध्ये बंद झालेल्या गाडीचं काम घेतलं तर या बाजारांची ओळख लागतेच. अशा हौशी कामाचे पैसे चांगले मिळतात, पण पार्ट हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका.

दुकानदाराला फोन करताना "स्प्लेंडरचा पिस्टन आहे का?" असं विचारू नका. असा मेसेज टाका: "स्प्लेंडर, २००६, पिस्टन ०.५०, पार्ट नंबर अमुक, सोबत जुन्याचा फोटो पट्टी ठेवून. आहे का, कुठल्या कंपनीचा, बदलून मिळेल का?" असा मेसेज गेला की दुकानदार ओळखतो की समोरच्याला कळतं. मग तो उगाच काहीही गळ्यात मारत नाही.

८. जुना पार्ट घेताना कायदा

कधीकधी नवा पार्ट मिळतच नाही आणि मोडीत निघालेल्या गाडीचा जुना पार्ट घ्यावा लागतो. हरकत नाही, पण काही नियम पाळा.

बिल किंवा विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला जागा असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिनपावतीचं, कवडीमोलाने मिळणारं इंजिन म्हणजे असं वाटायला जागा असणं.

इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो आणि तो आरसीवर असतो. ब्लॉक, हेड, पिस्टन बदलले तर नंबर तोच राहतो. क्रँककेस किंवा पूर्ण इंजिन बदललं तर नंबर बदलतो, आणि आरटीओत तशी नोंद करावी लागते. ती नसेल तर गाडी विकताना, विम्याच्या दाव्यात किंवा पोलिसांनी अडवल्यावर मालक अडकतो आणि बोट तुमच्याकडे येतं. नंबर घासून पुन्हा कोरणं तर स्वप्नातही नको.

आणखी एक. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. चौदा वर्षांची गाडी फुल इंजिनला आली तर आधी मालकाला आरसीची तारीख दाखवा. नूतनीकरणाचा खर्च धरूनही काम परवडतंय का, हे त्याला ठरवू द्या. असा प्रामाणिक सल्ला देणाऱ्याकडेच तो पुढची गाडी आणतो.

९. आता हिशोब

खालचे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा करा.

समजा, हाफ इंजिनचं काम आहे:

- पिस्टन-रिंग सेट: ९०० रुपये
- टायमिंग चेन किट: ७०० रुपये
- व्हॉल्व जोडी: ४५० रुपये
- पॅकिंग सेट: २५० रुपये
- ऑइल सील: २०० रुपये
- इंजिन ऑइल: ४०० रुपये
- पार्टची एकूण खरेदी: २,९०० रुपये

पार्टवर १२ टक्के सुटले तर ३४८ रुपये. मजुरी १,८०० धरू. बोरिंगचे पैसे जसेच्या तसे गिऱ्हाईकाकडून बोरिंगवाल्याला. म्हणजे तुमचे सुटले २,१४८ रुपये.

आता कल्याणची एक फेरी. भाडं-पेट्रोल २५० आणि गॅरेज बंद राहिल्यामुळे अर्ध्या दिवसाचे ५०० असे ७५० रुपये.

- नाव सांगून पार्ट आणला, बदलायला गेलात, मग राहिलेला आणायला गेलात. तीन फेऱ्या, २,२५० रुपये. काम करून उलट १०२ रुपये खिशातून गेले.
- मोजून, यादी करून एकाच फेरीत आणलं: सुटले १,३९८ रुपये.
- तीन गाड्यांची यादी एकत्र करून एकच फेरी केली: प्रत्येकी २५० रुपये पडले, सुटले १,८९८ रुपये.

काम तेच, मजुरी तीच. फरक फक्त वहीचा आहे.

दोन सूचना. पहिली, पार्टचे पैसे गिऱ्हाईकाकडून आगाऊ घ्या, म्हणजे तुमचं भांडवल अडकत नाही. जुने पार्ट पिशवीत भरून त्याला परत द्या. विश्वास बसतो. दुसरी, २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. मजुरी आणि पार्ट दोन्ही देणाऱ्या छोट्या गॅरेजला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. पण मग खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. तो तुमचा खर्चच आहे, भाव काढताना धरा.

अवजारांसाठी पैसे कमी पडत असतील तर मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. त्यातून आधी मायक्रोमीटर, व्हर्नियर, फिलर गेज आणि टॉर्क रेंच घ्या. चकाचक बोर्ड नंतर लावता येईल.

गृहपाठ: जुळणी-वही

एक जाड वही घ्या. प्रत्येक इंजिनाला एक पान. त्यावर लिहा: मॉडेल आणि वर्ष, इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं, बोअर-स्ट्रोक, सापडलेला साईझ, प्रत्येक पार्टचा नंबर, बेअरिंग आणि सीलचे आकडे, कुठल्या दुकानातून, किती भावाने. शेवटी एक रकाना: "तीन महिन्यांनी". गिऱ्हाईकाला फोन करून विचारा, धूर आहे का, आवाज आहे का, ऑइल किती उतरलं. बसलेला पार्ट टिकला का, याचं उत्तर या रकान्यातच मिळेल.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्याकडे किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये पडलेले तीन जुने पिस्टन, तीन बेअरिंग आणि तीन ऑइल सील घ्या. मोजा, नंबर वाचा आणि पहिलं पान भरा. पन्नास पानं भरली की शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांची उत्तरं तुमच्या घरात असतील, आणि दुसरे गॅरेजवाले तुम्हाला फोन करून विचारतील.

पुढच्या धड्यात बघू, इंजिन कामाचं लेखी अंदाजपत्रक आणि वॉरंटी कशी द्यायची. भेटूया!